गोळीतलं लिथियम आणि पाण्यातलं लिथियम

ऑगस्ट 2025 मध्ये हार्वर्डच्या संशोधकांचा एक शोधनिबंध 'नेचर'मध्ये आला. अल्झायमर झालेल्यांच्या मेंदूत लिथियम कमी सापडलं आणि उंदरांना अगदी थोडं लिथियम ऑरोटेट (लिथियमचा एक क्षार) दिल्यावर त्यांची स्मरणशक्ती सुधारली, असं त्यात होतं. बातमी व्हॉट्सअ‍ॅपवर फिरली आणि तिच्यामागोमाग दोन प्रश्न येऊ लागले. "हे ऑरोटेट मीही ऑनलाइन मागवू का?" हा पहिला. "बाबांना मानसोपचारतज्ज्ञांनी लिथियम दिलंय, ते बंद करून हे नैसर्गिक घेतलं तर?" हा दुसरा, आणि तो ऐकून खरंच काळजी वाटते.

मूलद्रव्य एकच आहे, पण प्रमाण पाहा. लिथियम कार्बोनेटच्या 300 मिलिग्रॅमच्या गोळीत शुद्ध लिथियम साधारण 56 मिलिग्रॅम असतं. दिवसाला तीन गोळ्या म्हणजे जवळपास 170. जपानमधल्या ओइता प्रांतात नळाच्या पाण्यात लिटरमागे जास्तीत जास्त 59 मायक्रोग्रॅम लिथियम आढळलं. ते पाणी दिवसाला दोन लिटर प्यायलं तरी 0.12 मिलिग्रॅमच्या पुढे जात नाही. फरक चौदाशे पटींचा आहे.

गोळीतलं लिथियम हे औषध आहे. 1949 मध्ये ऑस्ट्रेलियात जॉन केड यांनी उन्मादाच्या रुग्णांवर त्याचा परिणाम दाखवला. बायपोलर आजारात, म्हणजे उन्माद आणि नैराश्य आलटून-पालटून येणाऱ्या आजारात, ते आजही भक्कम आधार आहे, आत्महत्येचा धोकाही कमी करतं. पण त्याची सुरक्षित मर्यादा फार अरुंद आहे. शेवटच्या गोळीनंतर 12 तासांनी रक्त तपासतात. लिथियमची पातळी लिटरमागे साधारण 0.6 ते 1.0 मिलिमोल असावी लागते आणि 1.5 च्या पुढे विषबाधेची भीती असते. हात जोरात थरथरणं, तोल जाणं, जीभ जड होणं, उलट्या-जुलाब दिसले तर वाट पाहू नये, लगेच दवाखाना गाठावा.

मूत्रपिंड लिथियमला सोडियमसारखंच वागवतं. अंगातलं मीठ-पाणी कमी झालं की ते सोडियमबरोबर लिथियमही धरून ठेवतं आणि गोळ्या तेवढ्याच असूनही रक्तातली पातळी चढते. म्हणून निर्जळी एकादशी, मे महिन्यातला घाम, जुलाब किंवा बीपीसाठी अचानक तोडलेलं मीठ, यातलं काहीही धोक्याचं ठरू शकतं. अमेरिकेत नेमकं हेच घडलं होतं. हृदयरोग्यांना मिठाऐवजी लिथियम क्लोराइड विकलं जात होतं, मीठ तोडलेल्या त्या रुग्णांपैकी काही दगावले आणि 1949 मध्येच त्याची विक्री थांबवावी लागली.

पाण्यातलं लिथियम खडकांतून झिरपतं, धान्य-भाज्यांतूनही थोडं पोटात जातं. ओइतामध्ये आणि त्याआधी टेक्सासमध्ये, पाण्यात लिथियम जास्त असलेल्या भागांत आत्महत्या कमी दिसल्या. ही निरीक्षणं मोलाची आहेत, पण ती भागाभागांच्या सरासरीची तुलना आहे. लिथियममुळेच आत्महत्या कमी झाल्या, असं त्यातून सिद्ध होत नाही. रोज किती लिथियम हवं याचा अधिकृत आकडा आपल्या आयसीएमआरनेही दिलेला नाही.

ऑनलाइन मिळणारं ऑरोटेट या दोन्हींच्या मध्ये बसतं. एका गोळीत बहुधा 5 मिलिग्रॅम लिथियम असतं, म्हणजे ओइताच्या त्या पाण्याच्या चाळीसपट आणि औषधाच्या चौतिसाव्या भागाएवढं. पाण्यावरचे निष्कर्ष त्याला लागू होत नाहीत, औषधाचेही नाहीत, आणि विस्मरण रोखण्यासाठी माणसांवर त्याची मोठी चाचणी झालेली नाही. बायपोलरचं औषध सोडून ते घेणं म्हणजे आजार उलटण्याची वाट मोकळी करणं. औषध चालू असताना वरून घेतलं तर पातळीचा हिशेबच चुकतो. मूत्रपिंड किंवा थायरॉइडचा त्रास असेल, दिवस गेले असतील, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्याला हात लावू नये.

लिथियम चालू असलेल्यांनी आणखी एक सांभाळावं. गुडघे दुखतात म्हणून मेडिकलमधून आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक आणलं, तरी रक्तातलं लिथियम वाढू शकतं. बीपीच्या काही गोळ्यांचंही तसंच. नवी कुठलीही गोळी घेण्याआधी "मला लिथियम चालू आहे" हे डॉक्टरांना आणि दुकानदाराला आवर्जून सांगा.