कोरियन गुन्हेकथेतील खलनायक : चेहरा नसलेल्या आरोपीपासून

दक्षिण कोरियाच्या ग्योंगी प्रांतातील ह्वासाँग परिसरात १९८६ ते १९९१ या काळात दहा स्त्रियांचे खून झाले. तपासाला वीस लाखांहून अधिक मनुष्यदिवस लागले, तरी खुनी सापडला नाही आणि खटला भरण्याची तेव्हाची पंधरा वर्षांची मुदत २००६ मध्ये संपून गेली. कोरियन गुन्हेमालिकांतील आजचा खलनायक ज्या पद्धतीने लिहिला जातो, तिचे एक मोठे मूळ या न सापडलेल्या माणसात आहे.

त्याआधीचा साचा सरळ होता. एमबीसी वाहिनीवर १९७१ मध्ये सुरू झालेल्या 'सुसा बानजांग' या मालिकेत पोलीस गुन्ह्याचा छडा लावीत आणि प्रेक्षक निर्धास्तपणे झोपी जाई. दिग्दर्शक बोंग जून-हो यांनी २००३ मध्ये ह्वासाँगच्या खुनांवर बेतलेल्या 'मेमरीज ऑफ मर्डर' या चित्रपटातून ही निर्धास्ती काढून घेतली. अखेरच्या प्रसंगात, जिथे पहिले प्रेत सापडले होते त्या भातशेताकडेच्या मोरीत नायक वाकून पाहतो, तेव्हा एक शाळकरी मुलगी त्याला सांगते की काही दिवसांपूर्वी आणखी एक माणूस येथे असाच डोकावत होता. तो दिसायला कसा होता, या प्रश्नावर तिचे उत्तर एवढेच, की साधाच, चारचौघांसारखा. खुन्याला चेहराच नसल्यामुळे पडद्यावर डोळ्यांत भरते ती पोलिसांची मारहाण आणि जबरदस्तीने वदवून घेतलेले कबुलीजबाब.

मालिकांना ही वाट पचायला बराच वेळ लागला. खुनाचा खटला भरण्यासाठीची मुदत २०१५ मध्ये कायद्याने रद्द झाली आणि पुढच्याच वर्षी आलेल्या 'सिग्नल' या मालिकेत लेखिका किम उन-ही यांनी जुनी प्रकरणे उकरली. तिथे सगळ्यांत चिवट खलनायक ठरतो तो प्रकरणे दडपणारा वरिष्ठ पोलीस अधिकारी. खरी कलाटणी मात्र २०१७ च्या 'सीक्रेट फॉरेस्ट'ने दिली, असे मला वाटते. (ज्यांना ती अजून पाहायची आहे, त्यांनी हा परिच्छेद येथेच सोडावा.) तपास आणि आरोपपत्र हे दोन्ही अधिकार तेव्हा एकवटलेल्या सरकारी वकिलांच्या यंत्रणेत ही कथा घडते. लेखिका ली सू-यॉन यांनी खुनामागचा सूत्रधार म्हणून उभा केलेला ली चांग-जून हा त्याच यंत्रणेतला बडा अधिकारी, शिवाय एका उद्योगसमूहाच्या अध्यक्षाचा जावई. आपण ज्या भ्रष्टाचाराचे वाटेकरी झालो तो उघडा पाडण्यासाठी तो खुनाचा मार्ग धरतो आणि अखेरीस पुराव्यांनी भरलेली बॅग नायकाच्या स्वाधीन करून अर्धवट बांधलेल्या इमारतीवरून उडी घेतो. त्याचा राग करावा तर त्याचे आरोप खरे असतात, आणि कणव यावी तर त्याने घेतलेले जीव डोळ्यांसमोरून हलत नाहीत.

ह्वासाँगचा गुन्हेगार २०१९ मध्ये डीएनए चाचणीतून निष्पन्न झाला. ली चुन-जे हा मेहुणीच्या खुनासाठी १९९४ पासून तुरुंगातच होता. ह्वासाँगच्या त्या दहांपैकी आठव्या खुनासाठी मात्र पोलिओने पाय अधू झालेल्या एका तरुणाने सुमारे वीस वर्षे कारावास भोगला होता. पोलिसांनी झोपू न देता त्याच्याकडून कबुली घेतली होती. डिसेंबर २०२० मध्ये खटल्याच्या फेरसुनावणीत तो निर्दोष ठरला. त्याच फेरसुनावणीत साक्षीला आलेल्या लीने न्यायालयाला सांगितले की बोंग यांचा चित्रपट आपण तुरुंगात पाहिला होता, पण निव्वळ एक चित्रपट म्हणून, आणि तो पाहताना आपल्याला काहीच वाटले नाही.