फुंकर नव्हे, घासणं

परवा रविवारी जुन्या बाजारात व्हिडिओ गेमची एक पिवळी कॅसेट हातात घेतली, तर विक्रेत्याने न विचारताच सांगितलं, “नाही चालली तर फुंकर मारा, लगेच चालते.” नव्वदच्या दशकात पुण्यातल्या वाड्यांत आणि सोसायट्यांत हा सल्ला प्रत्येक धाकट्या भावंडाला मिळायचा. आणि फुंकर मारल्यावर कॅसेट चालायचीही, म्हणून तर हा समज अजून टिकून आहे.

पण फुंकर मारायला कॅसेट आधी काढावी लागते आणि नंतर पुन्हा खोचावी लागते. काम करते ती ही काढघाल. ताप उतरायच्या दिवशीच ताईत बांधला, की ताप ताईताने उतरला असं वाटतं, त्यातलाच हा प्रकार. पडताळायचं असेल तर फुंकर न मारता नुसतीच तीन-चारदा काढून घालून पाहा. मी तेच केलं आणि तिसऱ्या खेपेला गेम सुरू झाला.

हे का होतं, ते फार सुंदर आहे. आपल्याकडे घरोघरी आलेली बहुतेक मशिन्स म्हणजे निन्टेन्डोने १९८३ साली जपानमध्ये आणलेल्या फॅमिकॉमच्या नकला. त्यांच्या कॅसेटमधल्या सर्किट बोर्डाच्या कडेला ६० धातूच्या पट्ट्या असतात (तांब्याच्या, वर अनेकदा सोन्याचा पातळ मुलामा), दोन्ही बाजूंना तीस-तीस. स्लॉटमधली स्प्रिंगसारखी पाती त्यांना चिमटीत धरतात. पट्टी आणि पातं एकमेकांना सपाट चिकटल्यासारखी दिसतात, पण सूक्ष्मदर्शकाखाली दोन्ही पृष्ठभाग सह्याद्रीसारखे खडबडीत असतात. एक डोंगररांग उलटी करून दुसरीवर ठेवली, तर फक्त काही शिखरंच टेकतील.

किती टेकतात याचा अंदाज शाळेतल्या गणितानेही येतो. पातं अर्ध्या न्यूटनने, म्हणजे साधारण ५० ग्रॅम वजनाइतकं दाबतं असं धरू. टेकलेली शिखरं चेपत जातात आणि त्यांचं क्षेत्रफळ भार पेलण्याइतकं झालं की थांबतात. म्हणून बलाला धातूच्या कठीणपणाने भागायचं. तांब्याचा कठीणपणा सुमारे १ गिगापास्कल, म्हणजे दर चौरस मायक्रॉनला न्यूटनचा एक हजारावा भाग घेतला, तर उत्तर येतं ५०० चौरस मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). ही सगळी जागा एकाच गोल ठिपक्यात गोळा केली, तर त्याची त्रिज्या साधारण १३ मायक्रॉन भरेल. केसाच्या जाडीपेक्षाही कमी! तरी एवढ्याशा ठिपक्याचा विजेला होणारा रोध किती? धातूचा विशिष्ट रोध (वीज अडवण्याचा त्याचा गुणधर्म) भागिले त्रिज्येची दुप्पट. तांब्यासाठी हे एक मिलिओहमपेक्षाही, म्हणजे ओहमच्या हजाराव्या भागापेक्षाही कमी येतं. म्हणजे टेकण्याची जागा कमी पडते ही अडचणच नाही. धातूला धातू भिडला, की एक ठिपकाही पुरतो.

अडचण येते ती मधल्या थराची. देवघरातला तांब्या काळवंडतो तेव्हा हवेतला ऑक्सिजन आणि गंधकाची संयुगं तांब्यावर थर चढवतात. कॅसेटच्या पट्टीवर हा थर मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाइतका असला, तरी वीज अडखळते. कॅसेट खोचताना पातं पट्टीवरून घासत जातं, हा थर ओरखडतं आणि खालचा उघडा धातू भेटतो. दुरुस्तीवाले म्हणतात “कार्बन चढलाय”, पण ती काजळी नसते. तांब्याची संयुगं, धूळ आणि हाताचं तेलच जास्त असतं.

एक पट्टी अडली तर काय होतं? मशिन सुरू होताच प्रोसेसर कॅसेटमधल्या एका ठरावीक पत्त्यावर जाऊन ‘सुरुवात कुठून करू’ हे वाचतो. त्यासाठी लागणाऱ्या आठ डेटा तारांपैकी एक जरी तुटली, तरी तो भलत्याच जागी उडी मारू शकतो आणि पडदा नुसता एकरंगी दिसतो. पण चित्रांच्या चिपची तार वेगळी असते. ती अडली तर संगीत वाजतं, खेळ चालतो, फक्त माणसांच्या जागी चौकटींचा चुरा दिसतो. कुठली पट्टी खराब आहे याचा अंदाज पडदाच देतो.

फुंकर उलट नुकसान करते. उच्छ्वास जवळजवळ पूर्ण बाष्पभारित असतो आणि त्याबरोबर लाळेचे क्षारही येतात. सोन्याचा मुलामा जिथे झिजला असेल तिथे ओलाव्यात उघडं पडलेलं तांबं झपाट्याने गंजतं आणि हिरवट डाग पडतात.

साफ करायचं तर आधी प्लग काढा. पुण्यात इलेक्ट्रॉनिक्सच्या तपकीर गल्लीत आयपीए, म्हणजे आयसोप्रोपिल अल्कोहोल मिळतं. कापसाचा बड त्यात भिजवून पट्ट्यांच्या लांबीच्या दिशेने फिरवा, काळा डाग यायचा थांबेपर्यंत नवे बड घ्या, आणि पूर्ण वाळू द्या. खोडरबर फक्त शेवटचा उपाय म्हणून, हलक्या हाताने. सोन्याचा थर अनेकदा एक मायक्रॉनपेक्षाही पातळ असतो. सँडपेपर कधीच नको. चिंच तांब्यासाठी छान, पण इथे तिचं आम्ल पट्ट्यांच्या फटीत राहून पुढे गंज वाढवतं.

साफ पट्ट्यांवरही गेम अडला, तर कॅसेट सोडून स्लॉटकडे वळा. पाती वर्षानुवर्षं वाकून सैल होतात आणि दाब कमी झाला की ती थर ओरखडू शकत नाहीत. माझ्या मशिनमध्ये डावीकडची चार पाती अशीच बसली होती. बारीक चिमट्याने ती किंचित उचलली, आणि आता ती पिवळी कॅसेट पहिल्या खेपेलाच चालते.