बोर्डाचं रेकॉर्डिंग म्हणजे कार्यक्रमाचं रेकॉर्डिंग नव्हे

घुमट म्हणजे मातीच्या भांड्यावर कातडं ताणलेलं गोव्याचं वाद्य. त्याच्या साथीनं म्हटलेली घुमट आरती संपून सतरंज्या गुंडाळायला लागले की समितीतलं कोणीतरी पेनड्राइव्ह घेऊन मिक्सरपाशी, म्हणजे माझ्या बोर्डापाशी, येणारच. "भाऊ, रेकॉर्डिंग घाल रे यात." गोव्यात फोंड्याकडच्या देवळांत साउंड करायचो तेव्हापासून हेच ऐकतोय. मग काही दिवसांनी फोन: "घुमट कुठं गेलं?"

कुठंही गेलं नाही. ते मी स्पीकरला दिलंच नव्हतं.

मिक्सर काय करतो ते सगळ्यांना माहीत असतं. चॅनल (एकेका माइकची वाट), फेडर (त्याचा आवाज कमी-जास्त करायचं सरकतं बटण), स्पीकर. त्यात वेळ घालवत नाही. घोटाळा पुढं आहे. लोक धरून चालतात की मंडपात जे ऐकू आलं तेच बोर्डातून बाहेर पडतं. नाही. बोर्डातून पडते ती फक्त भरपाई. खाली फरशी, बाजूला भिंती, आणि चार घुमटं, शामेळ (काठ्यांनी वाजवायचं चर्मवाद्य), कासाळी (झांजा) एकदम वाजायला लागली की त्यांना माइकची गरजच नसते. गरज असते गाणाऱ्याला. म्हणून त्याचा फेडर वर आणि घुमटाचा जवळजवळ तळाला. श्रोत्याच्या कानात दोन्ही मिळून बरोबर बसतं. फाइलमध्ये मात्र कोरडा, तोंडाशी आलेला आवाज, आणि मागं घुमट गायकाच्या माइकमधून चोरून शिरलं असेल तेवढंच. म्हणजे वाद्य जितकं दणदणीत, तितकं बोर्डाच्या फाइलमध्ये बारीक. हे उलटं गणित कितीही सांगा, पुढच्या चतुर्थीला पेनड्राइव्ह हजर!

त्यात ईक्यूची, म्हणजे आवाजातले जाड-बारीक पट्टे कमी-जास्त करण्याची, भर. स्पीकरनं शिट्टी मारू नये म्हणून आवाजातले काही पट्टे मी कापलेले असतात. ते त्या जागेसाठी, त्या स्पीकरसाठी. फाइलमध्ये ती भोकं तशीच राहतात.

गोंधळ टिकून आहे तो मैदानांमुळे. उघड्यावर भिंती नाहीत, त्यामुळे प्रत्येक वाद्य माइकवर घ्यावंच लागतं आणि बोर्डाची फाइलही बरी निघते. ती ऐकून लोक म्हणतात, "तिथल्या साउंडवाल्यानं दिलं, तुला का जमत नाही?" यावर मी आता वाद घालत नाही.

घुमट हवं असेल तर मल्टिट्रॅक करायचं. म्हणजे प्रत्येक माइक फेडरच्या आधीच वेगळा उचलायचा आणि तोल नंतर, शांतपणे, हेडफोन लावून ठरवायचा. घुमटाला माइक तेव्हाही लावायचा, स्पीकरला द्यायचा नसला तरी. मी कातड्याकडून एक आणि जमलं तर मागच्या उघड्या तोंडाकडून एक लावतो. डाव्या हातानं ते तोंड झाकत-उघडत वादक जो घुमारा काढतो, तो पुढून पुरता मिळत नाही.

टाळ्यांसाठीचे माइक प्रेक्षकांत मागं नेऊन लावू नका. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४५ मीटर जातो, म्हणजे २० मीटरवर तो जवळपास ५८ मिलिसेकंद उशिरा पोचतो आणि प्रत्येक थाप दोनदा वाजते. मंचाच्या कडेला, प्रेक्षकांकडे तोंड करून लावा.

आणि दोनच ट्रॅक मिळणार असतील, तर मला बोर्ड नकोच. गाणाऱ्यांसमोर, स्पीकरच्या मागं, स्टँडवर माइकची एक चांगली जोडी द्या. कोणीतरी खोकेल, मागं घंटा वाजेल. वाजू दे, घुमट तरी असेल.