भाद्रपद, सोन्या आणि नसबंदीचा प्रश्न

गेल्या भाद्रपदात आमच्या सोन्याने सलग तीन रात्री घरात कुणाला झोपू दिलं नाही. सोन्या म्हणजे आमचा लॅब्रॅडॉर, तेव्हा दहा महिन्यांचा. तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटच्या दाराशी आडवा व्हायचा, दाराखालच्या फटीला नाक लावून हवा ओढत राहायचा आणि मग घशातून असा काही सूर काढायचा की शेजारच्या काकू सकाळी विचारायला आल्या, "बरं नाही का हो त्याला?" त्याला अगदी बरं होतं. खाली पार्किंगमधली भटकी मादी माजावर आली होती. त्याने दोन वेळचं जेवणही तसंच टाकलं. लॅबने भरलं ताट सोडणं म्हणजे काय, हे लॅब पाळणाऱ्यांना सांगायला नको.

भाद्रपदातल्या कुत्र्यांवरून आपण माणसांना नावं ठेवतो, पण त्यामागचं निरीक्षण चोख आहे. घरात पाळलेल्या मादीला वर्षातून साधारण दोनदा माज येतो आणि त्याला ऋतूचं बंधन फारसं नसतं. आपल्याकडच्या रस्त्यावरच्या माद्यांचं तसं नाही. जयपूरच्या भटक्या कुत्र्यांवरचा एक अभ्यास 2002 साली प्रसिद्ध झाला. त्यात माद्यांचा माज पावसाळा सरता सरता आणि त्यापुढच्या काही महिन्यांत एकवटलेला दिसला. म्हणजे वयात आलेला नर घरात असेल, तर त्याची खरी परीक्षा याच दिवसांत होते. त्याच्याबरोबर आपलीही.

चौथ्या दिवशी घरात विषय निघालाच. आई म्हणाली, "मुक्या जिवाचं असलं काही करू नये." भाऊ म्हणाला, "सहा महिन्यांचा होता तेव्हाच उरकायला हवं होतं." आणि आटपाडीचे मामा फोनवर म्हणाले, "अरे, खोंडाला दात आल्याशिवाय आम्ही खच्चीचा चिमटा लावत नाही. तू कुत्र्याला काय घाई करतोस?"

त्यानंतरचे काही महिने मी जे वाचलं, डॉक्टरांना जे विचारलं, त्यातून माझ्यापुरतं उत्तर सापडलं. पण आधी एका शब्दाचा घोळ मिटवायला हवा.

आपण कुत्र्याच्या बाबतीत सरसकट 'नसबंदी' म्हणतो. पुरुषाच्या नसबंदीत फक्त शुक्राणू वाहून नेणारी नळी बंद करतात. वृषणं जागेवर राहतात, संप्रेरक तयार होत राहतं आणि माणूस होता तसाच राहतो. कुत्र्याच्या नसबंदीत बहुतेक वेळा दोन्ही वृषणं काढूनच टाकतात. पिल्लं होण्याचं थांबतंच, पण टेस्टोस्टेरॉन या नर-संप्रेरकाचा मुख्य कारखानाही बंद होतो. नुसती नळी बांधण्याची शस्त्रक्रिया कुत्र्यांतही करता येते, ती फारशी होत नाही इतकंच. दाराशी रडणारा सोन्या नळी बांधून शांत झाला नसता, कारण ते रडणं टेस्टोस्टेरॉनचं होतं. म्हणून आपल्यापुढचा खरा प्रश्न असा: वाढत्या वयाच्या शरीरातून हे संप्रेरक काढून घ्यावं का, आणि घ्यायचं तर केव्हा?

मामांच्या चिमट्याकडे येतो. खिलार खोंड दोन-अडीच वर्षांचा होऊन त्याचे दुधाचे दात पडून पक्के दात येऊ लागले, खांदा आणि वशिंड भरलं, की मग त्याचा बैल करायचा, हा तिकडचा रिवाज. लवकर खच्ची केलेला खोंड उंच होतो, पण खांद्यात भरत नाही, असं मामा म्हणतात. यात हाडांचं एक शास्त्र दडलेलं आहे.

लांब हाडांच्या टोकांजवळ कूर्चेची एक पातळ पट्टी असते, तिला ग्रोथ प्लेट म्हणतात. हाड लांबीला वाढतं ते इथेच. वयात येताना संप्रेरकांचा हुकूम सुटतो आणि ही पट्टी हळूहळू हाडात रूपांतरित होऊन बंद होते. गंमत म्हणजे नरातही हा हुकूम बऱ्याच अंशी इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक देतं, आणि ते टेस्टोस्टेरॉनपासूनच शरीरात तयार होतं. याचा सर्वांत ठसठशीत पुरावा माणसात मिळाला. 1994 साली अमेरिकेतल्या 28 वर्षांच्या एका पुरुषाची हकिगत प्रसिद्ध झाली. त्याच्या पेशींना इस्ट्रोजेनचा संदेश वाचताच येत नव्हता. त्याची उंची 204 सेंटिमीटर होती आणि ग्रोथ प्लेट अजून उघड्या होत्या.

पिल्लाची वृषणं वयात येण्याआधी काढली, तर हा हुकूम उशिरा आणि अर्धवट पोचतो. हाडं ठरल्यापेक्षा थोडी जास्त वाढतात. शिवाय सगळ्या हाडांच्या पट्ट्या एकाच वेळी बंद होत नाहीत. काही आधीच मिटलेल्या असतात, काही उघड्या राहतात. मांडीचं हाड आणि नडगी यांच्या लांबीचं प्रमाण किंचित जरी ढळलं, तरी गुडघ्यावर पडणाऱ्या भाराचा कोन बदलत असावा, असा तर्क आहे. तीन किलोच्या पॉमेरेनियनला त्याने फारसं बिघडत नाही. तीस किलोच्या कुत्र्याला बिघडू शकतं.

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या पशुवैद्यक शाखेत बेंजामिन हार्ट आणि लिनेट हार्ट यांच्या गटाने नेमकं हेच तपासलं. 2013 साली त्यांनी 759 गोल्डन रिट्रीव्हरच्या नोंदी चाळल्या. वर्षाच्या आत वृषणं काढलेल्या नरांपैकी सुमारे 10 टक्क्यांना खुब्याच्या सांध्याचा विकार होता, न काढलेल्यांच्या जवळपास दुप्पट. जर्मन शेफर्डमध्ये चित्र आणखी गडद निघालं. शस्त्रक्रिया न झालेल्या नरांत एखादा तरी सांधेविकार असलेले सुमारे 7 टक्के, तर वर्षाच्या आत शस्त्रक्रिया झालेल्यांत सुमारे 21 टक्के. 2020 मध्ये त्यांनी 35 जातींचा ताळेबंद मांडला. छोट्या जातींत सांध्यांचा धोका वाढलेला दिसलाच नाही. गोल्डन नराला वर्ष पूर्ण होऊ द्या, जर्मन शेफर्डला दोन वर्षं थांबा, लॅब नराला निदान सहा महिने तरी ओलांडू द्या, असा त्यांचा सल्ला. मिश्र जातीच्या कुत्र्यांसाठी त्यांनी 20 किलोंची रेघ ओढली: त्यावर वजन जाणार असेल, तर वर्षभर थांबावं.

या आकड्यांना एक मर्यादा आहे आणि ती मला महत्त्वाची वाटते. या नोंदी एका मोठ्या रुग्णालयातल्या आहेत. तिथे मुळात दुखणं घेऊन आलेली आणि खर्च परवडणारी कुत्री पोचतात. त्यामुळे टक्केवारी जशीच्या तशी आपल्या गल्लीतल्या कुत्र्याला लावू नये. पण मोठं शरीर आणि लवकर शस्त्रक्रिया ही जोडी बरी नाही, ही दिशा वेगवेगळ्या जातींत पुन्हा पुन्हा दिसली आहे. मामांना हे वाचून दाखवलं तेव्हा ते इतकंच म्हणाले, "मग दात बघ की त्याचे."

आता स्वभाव. बहुतेक लोक नसबंदीचा विचार करतात ते याच कारणासाठी, आणि इथेच सर्वांत जास्त फसगत होते. "कुत्रा शांत होतो" हे वाक्य मी किमान वीस जणांकडून ऐकलं असेल. शांत म्हणजे काय, हे त्यांतल्या कुणी सांगितलं नाही.

संप्रेरकाचं काम दोन हप्त्यांत होतं. पहिला हप्ता पिल्लू आईच्या पोटात असताना आणि जन्माच्या आसपास. नराचा मेंदू नराचा घडतो तो तेव्हा. तंगडी वर करून मुतण्याची खोड त्याच काळात पक्की होते, म्हणून पुढे वृषणं काढली तरी बहुतेक नर तंगडी वर करतच राहतात. दुसरा हप्ता वयात येताना. तेव्हा आधीच घातलेल्या वायरिंगमध्ये वीज खेळू लागते. मादीच्या वासामागे पळणं, दुसऱ्यांवर चढणं, घरातल्या सोफ्याच्या पायावर खूण करणं, दुसऱ्या नरांशी मारामाऱ्या हे सगळं या विजेवर चालतं. ती तोडली की या गोष्टी कमी होतात, पण सारख्या प्रमाणात नाही. 1976 च्या एका अभ्यासात शस्त्रक्रिया झालेल्या 42 प्रौढ नरांपैकी भटकायची खोड असलेल्यांत सुमारे 90 टक्क्यांची भटकंती घटली. चढणं, खूण करणं आणि नरांशी भांडणं यांत फरक पडला, पण इतक्यांत नाही. 1997 च्या अभ्यासाने आणखी एक उपयुक्त गोष्ट सांगितली: खोड किती जुनी आहे किंवा कुत्र्याचं वय किती, यावर परिणाम अवलंबून नव्हता. म्हणजे "आत्ताच करा, नाहीतर सवय पक्की होईल" या भीतीने घाई करण्याचं कारण उरत नाही.

आणि भीती? माझ्या एका मित्राचा कुत्रा स्कूटरवाल्यांवर, काठी घेतलेल्या माणसांवर, छत्र्यांवर धावून जायचा. मित्राने नऊ महिन्यांत त्याची नसबंदी केली. कुत्रा बदलला नाही, उलट जास्त बिचकू लागला. त्या धावून जाण्याचं मूळ मर्दानगीत नव्हतंच, ते घाबरण्यात होतं. शेपटी आत, कान मागे, वजन मागच्या पायांवर, आणि तरी भुंकणं चालू. असा कुत्रा ओळखता यायला हवा. मालकांच्या प्रश्नावल्यांवर आधारलेल्या बऱ्याच अभ्यासांत वृषणं काढलेल्या नरांत बुजरेपणा आणि आवाजांची भीती जास्त नोंदली गेली आहे, विशेषतः शस्त्रक्रिया लवकर झाली असेल तर. कशामुळे काय झालं, हे प्रश्नावलीवरून सिद्ध होत नाही. तरीही भित्र्या कुत्र्याच्या बाबतीत मी आधी प्रशिक्षकाकडे जाईन, शस्त्रक्रियेचा विचार नंतर.

आजारांचा हिशेब दोन्ही बाजूंनी आहे. वृषणं काढली की वृषणांचा कर्करोग अर्थातच टळतो, पण तो सहसा फार पसरत नाही आणि दिसल्यावर काढता येतो. पाच वर्षांपुढच्या बहुतेक अखंड, म्हणजे वृषणं न काढलेल्या, नरांची प्रोस्टेट ग्रंथी वाढते, काहींना शौचाला त्रास होतो. तेव्हाही वृषणं काढली की ग्रंथी आक्रसते. प्रोस्टेटचा कर्करोग मात्र दुर्मीळ असला तरी वृषणं काढलेल्यांत जास्त आढळतो. एका बाबतीत मात्र दुमत नाही. पिल्लाचं एखादं वृषण खाली उतरलंच नसेल, पोटात किंवा जांघेत अडकलं असेल, तर ते काढायलाच हवं. तिथे गाठ होण्याचा धोका कित्येक पटींनी जास्त असतो. सहा महिन्यांच्या पिल्लाला डॉक्टरांकडे न्याल तेव्हा हे एकदा हाताने तपासून घ्या.

आपल्याकडे आणखी एक आजार लक्षात ठेवावा लागतो. मोकाट माद्यांशी संग झाला की नराला टीव्हीटी नावाची गाठ होऊ शकते. ही गाठ संसर्गाने येते, पण तिच्यामागे जिवाणू नाही, विषाणूही नाही. कर्करोगाच्या जिवंत पेशीच एका कुत्र्याच्या अंगावरून दुसऱ्याच्या अंगावर रुजतात. हजारो वर्षांपूर्वी एका कुत्र्याला झालेली गाठ, तो कुत्रा मरून गेल्यावरही, जगभरच्या कुत्र्यांत आजवर जगते आहे. सुदैवाने व्हिन्क्रिस्टीनच्या इंजेक्शनांनी ती बहुधा बरी होते, आणि ते औषध मिळतं आपल्या कुंडीतल्या सदाफुलीपासून. पार्किंगमध्ये वॉचमनकाकांनी सांभाळलेल्या काळ्याला ही गाठ झाली होती. त्याच्या मुताबरोबर थेंब थेंब रक्त पडायचं. आठवड्याला एक अशा इंजेक्शनांनी तो बरा झाला. नंतर त्याची नसबंदी झाली, आणि त्या वेळी ग्रोथ प्लेटचा विचार कुणी केला नाही. ते बरोबरच होतं. रस्त्यावरच्या कुत्र्यांचा हिशेब वेगळा. त्यांच्यासाठी 2001 साली नियम आले आणि 2023 मध्ये नवे. पकडायचं, शस्त्रक्रिया आणि रेबीजची लस, कानाला खाच, आणि जिथून उचललं तिथेच परत. तिथे एकेका कुत्र्याच्या गुडघ्यापेक्षा पुढच्या पिल्लांचा प्रश्न मोठा आहे.

आयुष्याबद्दलही सांगतो, कारण तो आकडा हमखास पुढे केला जातो. अमेरिकेतल्या 40 हजारांवर कुत्र्यांच्या मृत्यूच्या नोंदी 2013 साली अभ्यासल्या गेल्या. नसबंदी झालेले नर सुमारे 14 टक्के जास्त जगले. पण मृत्यूची कारणं पाहिली की उलगडा होतो. अखंड कुत्री संसर्गाने आणि अपघाताने जास्त मेली होती, नसबंदी झालेली कर्करोगाने. साखळी आणि कुंपण चोख असेल, लस वेळेवर असेल, तर त्या फायद्यातला बराच भाग मालकाच्या हातात येतो. नॉर्वेत योग्य कारणाशिवाय कुत्र्याची वृषणं काढणं कायद्याला मान्य नाही, आणि तिथले लोक कुत्री सांभाळतातच. म्हणून "जबाबदार मालक असाल तर कराच" हे वाक्य मला पटत नाही. जबाबदारी दोन्ही मार्गांत आहे.

आम्ही काय केलं? सोन्याच्या बाबतीत सांध्यांचं भय होतं म्हणून थांबलो. पण दिवाळीनंतर तो एकदा हातातला पट्टा हिसकावून थेट पौड रोडवर गेला. पीएमपीच्या बसने ब्रेक दाबला तो आवाज अजून कानात आहे. त्याच्या बाबतीत प्रश्न भटकण्याचा होता, भीतीचा नव्हता. सगळ्यांत खात्रीने कमी होणारी खोड हीच. सोळाव्या महिन्यात, अंगाने भरल्यावर, 31 किलोंवर, शस्त्रक्रिया केली. वृषणांच्या पिशवीच्या थोडं पुढे दोन-अडीच इंचांचा छेद, अर्ध्या तासात काम झालं. पुढचे दहा दिवस गळ्यातला प्लास्टिकचा कोन घेऊन तो प्रत्येक दाराच्या चौकटीला धडकत होता आणि दर वेळी आमच्याकडे बघत होता. आई त्याला मांडीवर घेऊन कोनाच्या आत हात घालून कान खाजवत बसायची. नर त्यानंतरही काही आठवडे पिल्लं देऊ शकतो, म्हणून महिनाभर त्याला एकट्याला मोकळं सोडलं नाही.

त्याच्या ताटलीत आता पूर्वीपेक्षा पाव हिस्सा कमी पडतं. शस्त्रक्रियेनंतर शरीराची गरज घटते, भूक मात्र घटत नाही, आणि लॅबचं वाढलेलं वजन त्याच गुडघ्यांवर जातं ज्यांच्यासाठी आम्ही थांबलो होतो. पुन्हा भाद्रपद लागलाय. परवा रात्री तो उठला, दाराखालच्या फटीपाशी गेला, दोनदा नाक ओढलं, परत येऊन माझ्या पायाशी पडला. सकाळी फिरायला नेलं तर नेहमीच्या गुलमोहराशी थांबला आणि तंगडी वर केली.