निर्बंध लावायचा अधिकार येतो कुठून? थोडी पार्श्वभूमी

अमुक देशाने तमुक देशावर निर्बंध लादले अशी बातमी आली की आपण धरून चालतो की यामागे कुठलातरी लेखी आंतरराष्ट्रीय कायदा असणारच, पण बऱ्याचदा तसं काही नसतं. लिहिलेला भाग मुख्यतः यूएनपुरता आहे. चार्टरचं कलम ४१ सुरक्षा परिषदेला हा अधिकार देतं. ऱ्होडेशियावर (आजचा झिंबाब्वे) १९६६ मध्ये आणि इराकवर १९९० मध्ये निर्बंध लागले ते त्याच कलमाच्या जोरावर. त्याआधी लीग ऑफ नेशन्सने, म्हणजे यूएनच्या आधीच्या जागतिक संघटनेने, १९३५ मध्ये इथिओपियावरच्या हल्ल्यावरून इटलीवर निर्बंध लावले होते, पण यादीत तेलच नव्हतं, म्हणजे मुसोलिनीला खरंच जे टोचलं असतं तेच वगळलं! पुढच्याच वर्षी ते गुंडाळावे लागले.

खरा गुंता परिषदेत व्हेटो पडला आणि देशांनी आपापलं सुरू केलं की होतो. तिथे लागू होतो तो रूढीतून आलेला कायदा, म्हणजे देश वर्षानुवर्षं एक गोष्ट करत आलेत आणि ती कायदा म्हणूनच करतोय असं मानतात, दोन्ही हवं, नुसती सवय चालत नाही. यातला जुना आणि महत्त्वाचा निवाडा म्हणजे १९२८ चा नौलिला प्रकरणातला, जर्मनी आणि पोर्तुगाल यांच्यातल्या वादावर लवादाने दिलेला. आधी समोरच्याने चूक केलेली हवी, त्याला ती सुधारायला सांगितलेलं हवं आणि उत्तर प्रमाणाबाहेर जायला नको, हे तिथे ठरलं आणि आजही साधारण हेच निकष आहेत, फक्त बळाचा वापर त्यातून बाद झाला. १९८६ मध्ये निकाराग्वाने अमेरिकेविरुद्ध केलेल्या केसमध्ये आंतरराष्ट्रीय कोर्टाने अमेरिकेला बऱ्याच बाबतीत दोषी धरलं, पण अमेरिकेच्या व्यापारबंदीने दुसऱ्या देशाच्या कारभारात हस्तक्षेप न करण्याचा रूढी नियम मोडला असं काही म्हटलं नाही. करार नसेल तर व्यापार करायलाच हवा अशी सक्ती नाही, असा त्याचा सरळ अर्थ निघतो.

मग ज्याचं थेट काही बिघडलंच नाही अशा तिसऱ्या देशाने निर्बंध लावले तर? २००१ मध्ये यूएनच्या आंतरराष्ट्रीय विधी आयोगाने देशांच्या जबाबदारीविषयीची कलमं लिहिली तेव्हा याच मुद्द्यावर सरकारांचं जमेना, म्हणून कलम ५४ मुद्दाम मोघम ठेवलं. माझ्या मते ही पळवाटच होती, पण तेव्हा दुसरा मार्गही नव्हता, कारण एकीकडे पाश्चात्य देश असे निर्बंध सर्रास लावत होते आणि दुसरीकडे क्यूबावरच्या अमेरिकी बंदीविरुद्ध यूएनच्या आमसभेत १९९२ पासून ठराव पास होत होते. म्हणजे प्रथा आहे, पण ती सगळ्यांना मान्य नाही.

२०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर हल्ला केल्यावर पाश्चात्य देशांनी लावलेल्या निर्बंधांमुळे रशियाच्या सेंट्रल बँकेचे साधारण ३०० अब्ज डॉलर परदेशात अडकले आणि हा वाद पुन्हा वर आला. प्रतिउपाय, म्हणजे समोरच्याच्या चुकीला दिलेलं असं उत्तर, शक्यतो मागे घेता येईल असा हवा हा जुना नियम, म्हणून पैसे गोठवणं चालतं असं मांडता येतं पण जप्त करणं त्यात बसवणं अवघड, आणि युरोपने २०२४ मध्ये युक्रेनला द्यायला सुरुवात केली तीही त्या पैशातून सुटणाऱ्या जादा नफ्याची, मुद्दलाची नाही.