ममता आणि भिडस्तपणा

बायबलमधल्या गलतीकरांस लिहिलेल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात प्रेषित पौलाने आत्म्याच्या फळात, म्हणजे पवित्र आत्म्यामुळे माणसात येणाऱ्या गुणांत, ‘ममता’ गणली आहे, आणि पुण्यातल्या आम्हां मराठी ख्रिस्ती कुटुंबांत तिचा अर्थ भिडस्तपणा असाच लावला जातो, याचे मला फार वाईट वाटते. भिडस्तपणा म्हणजे काय, हे मराठी माणसाला समजावून सांगायला नको. आवाज दोन्हींत मृदू असतो आणि फटकळपणा दोन्हींत बसत नाही, साम्य एवढेच.

गफलत होते ती किंमत मोजण्याच्या वेळी. घरकामाला येणाऱ्या मावशींनी लिफ्ट वापरू नये असा ठराव सोसायटीच्या सभेत येतो, तेव्हा भिडस्त माणूस मान खाली घालून बसतो आणि दुसऱ्या दिवशी त्याच मावशींना आग्रहाने चहा पाजतो. त्या चहाला मी ममता म्हणणार नाही, कारण चार जिने चढण्याचा त्रास मावशींच्याच वाट्याला राहिला आणि शेजाऱ्यांशी असलेले आपले गोड संबंध तेवढे शाबूत राहिले. ममता असलेला माणूस सभेतच, तितक्याच मृदू आवाजात, विरोध नोंदवतो आणि शेजाऱ्यांची नाराजी अंगावर घेतो.

लूकच्या शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायात येशूने सांगितलेल्या दाखल्यातल्या शोमरोन्याला, म्हणजे शोमरोन प्रांतातल्या वाटसरूला, कळवळा आला, इथपर्यंतच आपण मन लावून वाचतो. पण जिथे लुटारूंनी एकाला अर्धमेला करून टाकले होते त्याच वाटेवर तो थांबला, त्या परक्या माणसाला आपल्या जनावरावर बसवून उतारशाळेत घेऊन गेला आणि दोन दीनार, म्हणजे मजुराची दोन दिवसांची कमाई, देऊन वरचा खर्चही फेडण्याचा शब्द देऊन गेला. 1883 मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या पंडिता रमाबाईंनी 1897 च्या प्लेगमध्ये पुण्याच्या सरकारी इस्पितळात स्त्रियांना मिळणाऱ्या वागणुकीविरुद्ध वृत्तपत्रात उघडपणे लिहिले. राज्यकर्ते आपल्याच धर्माचे आहेत, ही भीड त्यांनी धरली नाही.

बोलताना भीती वाटली म्हणजे विश्वास उणा पडला, असे मात्र मी मानत नाही. सभेला जाताना आपले एकच वाक्य कागदावर लिहून न्यावे, विषय निघताच पहिल्या दोन-तीन जणांत बोलावे आणि आवाज कापला तरी ते वाक्य पुरे करावे.