दात साफ केल्याने हिरड्या उतरतात का?

‘दंतवैद्याकडे दात साफ करून घेतले की दातांत फटी पडतात, हिरड्या खाली उतरतात आणि दात हलू लागतात’ हा समज वर्षानुवर्षे ऐकू येतो. त्यामागचा अनुभव खरा असला तरी निष्कर्ष चुकीचा आहे.

दातांवरचा चिकट जंतुयुक्त थर वेळीच निघाला नाही, तर लाळेतील क्षारांमुळे तो कडक होतो, हेच कीटण. ते हिरडीच्या कडेखाली साचले की हिरडी सुजते आणि दाताला धरून ठेवणारे हाड हळूहळू झिजते. ही झीज सूज आणि कीटण झाकून ठेवतात. कीटण निघाले आणि सूज ओसरली की हिरडी आक्रसते व फट दिसू लागते. फट जुनीच असते, दिसते मात्र आता. कीटणाच्या आधाराने टिकलेला दात त्यानंतर हललेला जाणवतो, आणि दोष (साहजिकच) उपचारावर येतो. काही दिवस थंड पदार्थांनी दात शिवशिवतात, तेही मुळाचा भाग उघडा पडल्यामुळे.

उतरलेली हिरडी मसाजने वा कोणत्याही मंजनाने पुन्हा वर चढत नाही. गरज असल्यास टाळूतील ऊती घेऊन शस्त्रक्रियेने ती झाकता येते. बऱ्याचदा मात्र झीज थांबवणे पुरेसे असते. मऊ ब्रश पेनासारखा हलका धरून, हिरडीच्या कडेशी 45 अंशांत टेकवून, दिवसातून 2 वेळा 2 मिनिटे फिरवावा. जोर लावून आडवे घासल्यास मात्र हिरडी खरोखरच उतरते आणि दाताच्या मानेशी खाच पडते.